कळंबे मॅडमची चौथी ओळ

कळंबे मॅडम बागेत शिरल्या की आधी संत्र्याचं एक पान तोडायच्या, ते मधोमध दुमडायच्या आणि कानाशी नेऊन डोळे मिटायच्या. तिगावकडच्या लोकांनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कोणीतरी म्हणालं, "मॅडम झाडाले फोन लावून राहिल्या." ते गावभर झालं. मग त्या बांधावरून येताना दिसल्या की पोरंसोरं उगाच कानाला हात लावून 'हॅलो, हॅलो' करायची. मॅडमना त्याचा राग येत नसे. उलट त्याच विचारायच्या, "लागला का बे? मले तर एंगेज येऊन राहिला."

त्यांच्या संशोधन योजनेसाठी माझी मुलाखतही त्यांनी बागेतच घेतली. विद्यापीठ तिकडे हिंदी मुलखात, आणि मी इकडच्या मराठी बोलणाऱ्या सौंसरची, मास्तरांची मुलगी. बाबा म्हणाले होते, साडी नेस, फाईल नीट धर. साडी काही मी नेसले नाही, पण नवे सँडल घातले आणि पांढुर्ण्याची बस वाटेत बंद पडल्यामुळे अर्धा रस्ता उन्हात उभी राहून आले. बागेत पोचले तेव्हा सँडल चिखलात आणि डोकं तापलेलं. मॅडमनी ना नाव विचारलं ना मार्क. एक पान तोडून हातात दिलं. "मोड, अन् आयक."

मी मोडलं. कानाशी धरलं. काहीही ऐकू आलं नाही.

"काय येऊन राहिलं?"

"काही नाही," मी चिडूनच म्हणाले. "काय यायला पाहिजे होतं?"

"काहीच नाही. याले कालच पाणी भेटलं. ओल्या पानाले बोलायचं काय असते?" मॅडम खुदकन हसल्या. "तुह्या अगोदरची पोरगी म्हणे, हो मॅडम, कुरकुर आवाज येऊन राहिला. तिले मी पेढा देऊन वापस पाठवली." मग त्यांनी माझ्या सँडलकडे पाहिलं. "उद्यापासून हे घालून येऊ नोको." एवढ्यावर माझी निवड झाली. बाबांचा पुढे कित्येक दिवस विश्वास बसला नाही.

तहानलेल्या पानाचा आवाज खरोखर वेगळा येतो. कोरड्या पापडासारखा नाही, पण त्याच्या अलीकडचा. वर्षभरात तो मलाही कळू लागला. मात्र तो आवाज आमच्या कुठल्याही नोंदीत जात नसे. त्यासाठी एक जड यंत्र होतं, नायट्रोजनच्या टाकीवर चालणारं. पान त्यात अडकवायचं, दाब वाढवत न्यायचा आणि देठातून पाण्याचा थेंब कधी बाहेर येतो ते पाहायचं. एकदा मी म्हटलं, मॅडम, तुमच्या कानाला तर आधीच कळलेलं असतं. त्या म्हणाल्या, "हा माहा कान आहे बाई, पुरावा नाही. उद्या मले सर्दी झाली तं झाडाची तहान बदलन का?"

आमचं काम ताणावरचं होतं. संत्र्याच्या मुलखात हे सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. संत्र्याला फूल धरायचं तर आधी त्याचं पाणी तोडावं लागतं. पानं मलूल होतात, काही गळतात, झाड विश्रांतीला जातं, आणि मग पाणी सोडलं की अंगभर फुलतं. ताण किती द्यायचा हे आमच्याकडे ज्याचं त्याचं असतं. बापानं जेवढा दिला तेवढा मुलगा देतो. मॅडमना पाहायचं होतं की एवढा ताण खरंच लागतो का. म्हणून शेषराव घागऱ्यांच्या बागेत आम्ही झाडांच्या चार ओळी धरल्या होत्या. पहिलीचं पाणी तोडायचंच नाही, दुसरीला थोडा ताण, तिसरीला गावच्या रिवाजाइतका, आणि चौथीला त्याहूनही जास्त. तीन वर्षांचे तीन बहार मोजायचे होते. त्यावर सरकारला अहवाल जायचा होता आणि त्यावरच माझी पीएचडी उभी राहायची होती.

शेषरावांनी बाग दिली ती विज्ञानासाठी नव्हे. त्यांच्या बायकोचं, शालूबाईचं माहेर मोहगाव, आणि कळंबे मॅडमही मोहगावच्याच. दोघींची घरं दोन गल्ल्या सोडून. शालूबाई मॅडमना 'बाई' म्हणायची. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. विद्यापीठात लोक ज्यांना बघून खुर्चीतून उठायचे त्या डॉक्टर कळंबे इथे ओट्यावर मांडी घालून ज्वारीची भाकर नि वांग्याचं भरीत खायच्या आणि वर पुन्हा ओरडा खायच्या. "बाई, तू खाऊन नाही राहिली, नुसती बोलून राहिली!" मॅडमचा एक नियम होता. या ओट्यावर कामाची रडगाणी काढायची नाहीत. साहेब कसे वागतात, बिलं कशी अडतात, यातलं काही नाही. "माहेरी आलेल्या लेकीनं हसत यावं अन् हसत जावं," त्या म्हणायच्या. मला तो नियम तेव्हा फार गोड वाटायचा.

एरवी त्यांची जीभ सुटलेलीच असे. सुती साडी, पायात खेळाडूंचे बूट आणि पर्समध्ये फांद्या छाटायची कात्री. त्या कात्रीवरून विद्यापीठाच्या मोठ्या इमारतीतला पहारेकरी दर वेळी त्यांना अडवायचा आणि त्या दर वेळी त्याला संत्र्याची छाटणी समजावून सांगायच्या. त्यांची हिंदी म्हणजे मोहगावची मराठीच, फक्त 'है' लावलेली. मला घाई करायची सवय. आकडे लवकर यावेत, प्रकरण लवकर लिहून व्हावं. त्या म्हणायच्या, "झाड घाई करत नाही, सरकार घाई करत नाही, मंग मधातल्या मधात तूच काहून पळून राहिली वं?"

दोन बहार आमच्या हाती आले. तिसऱ्यासाठी आम्ही थंडीच्या सुरुवातीला पाणी तोडलं, आणि पाणी तोडल्यावरच विद्यापीठाचं पत्र आलं. योजनेचं पुढचं अनुदान विचाराधीन आहे, आदेश येईपर्यंत कुठलाही खर्च करू नये. असं छापील हिंदीत, खाली सही. म्हणजे जीप बंद, टाकी भरणं बंद आणि माझं विद्यावेतनही बंद. पत्रात कुठेही 'योजना बंद' असं नव्हतं. 'चालू' असंही नव्हतं. मी मॅडमना विचारलं, म्हणजे नेमकं काय? त्यांनी पत्र दोनदा वाचलं. "मतलब सरकारनं आपल्याले ताणावर टाकलं. पाहू आता, फुलतो का वाळतो."

मी हसले नाही. मला खरंच भीती वाटत होती. तिसरा बहार हातून गेला तर आधीचे दोन्ही वाया, आणि हे झाड पुढच्या आठवड्यापर्यंत थांब म्हटलं तर थांबत नाही. घरी बाबा रागावले नाहीत, ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे अतिथी शिक्षकाच्या जागेची माहिती काढून आणली. "सोड म्हणून नाही राहिलो," ते म्हणाले. "हातात काही असलं पाह्यजे एवढंच." आईनं जामसांवलीच्या मारुतीला बोलून ठेवलं. मॅडमना ते सांगितलं तर म्हणाल्या, "चांगलं केलं. मारुती त्याचं पाहीन. आपण पानं मोजायले विसरू नोको."

त्या वयात, त्या पदावर, मॅडम पॅसेंजर गाडीनं तिगावला उतरू लागल्या आणि तिथून बागेपर्यंत पायी. रसायनशास्त्राच्या एका सरांकडून त्यांनी भरलेली टाकी मागून आणली आणि ती शेषरावांच्या ओळखीच्या दूधवाल्याच्या गाडीतून बागेत पोचवली. पण पूर्वी आठवड्यातून तीनदा होणारी फेरी आता एकदाच होऊ लागली. शालूबाईनं विचारलं, जीप कुठं गेली? मॅडम म्हणाल्या, "दुरुस्तीले टाकली." बाहेर आल्यावर मला बजावलं, "शालूले काही सांगजो नोको. तिच्या जिवाले घोर लागन. अन् मोहगावात माह्या भावाच्या कानावर जाईन, की बाईचं काम गेलं."

आम्ही सांगितलं नाही म्हणून गावाला कळायचं राहत नाही. पांढुर्ण्याच्या बाजारात कोणीतरी कोणाला म्हणालं, मॅडमची स्कीम बंद झाली. बातमी शेषरावांच्या घरी पोचेपर्यंत ती पक्की झाली होती. शालूबाईनं तीही ऐकली आणि जीपचीही गोष्ट तिला आठवली. दोन्ही जोडून तिनं एक हिशेब मांडला, आणि तिच्या जागी मी असते तर मीही तोच मांडला असता.

त्या सोमवारी मी एकटीच बागेत गेले. तिसऱ्या ओळीला ठरल्याप्रमाणे आधीच पाणी सोडलं होतं. चौथी अजून ताणावर होती. मी बूट काढून बांधावर ठेवले आणि चौथ्या ओळीत शिरले तर पाय थंड चिखलात रुतला. शेवटच्या झाडापर्यंत सगळी आळी काठोकाठ भरलेली होती.

माझं काय झालं ते क्रमानं सांगते. आधी मला वाटलं नळी फुटली. मग दिसलं की नळी नीट एका आळ्यातून दुसऱ्यात सरकवत नेली आहे आणि एकेका झाडाच्या बुंध्याशी मातीही ओढली आहे. मी तशीच चिखलानं भरलेल्या पायांनी घराकडे गेले आणि शेषरावांना हाक मारली. बागेच्या पाण्याचं सगळं तेच पाहायचे, शालूबाई त्यात कधी पडत नसे, आणि ते माल घेऊन नागपूरला गेले होते. शालूबाई भाकरी करत होती. तिनं तव्यावरून वर पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला.

"पाह्यलं का वं? सगळ्या लाईनीले पाजलं. काल दिवसा लाईट होती तं सोडलं पाणी. बाकी झाडाले भेटलं अन् तेवढीच उभी होती बिचारी, पानं गाळत. म्हटलं, बाईचा पैसा बंद झाला म्हणून झाडाचं पाणी काहून बंद? विहीर तं आपली आहे."

मी म्हणाले, "काकू, ते मुद्दाम ठेवलं होतं!" तिला आधी ते कळलं नाही. कळलं तेव्हा पिठाचे हात तसेच धरून ती खाली बसली. तव्यावरची भाकर करपली. मी तिच्यावर चिडू की तिला सावरू हे मला समजेना, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला तिची कीव नव्हती, माझीच होती. तीन वर्षांतलं शेवटचं वर्ष, आणि तेही एका प्रेमळ बाईनं पाण्यात घातलं होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. ओळ पाहिली. पान तोडून कानाशी नेलं, मान हलवली आणि ओट्यावर जाऊन बसल्या. शालूबाई दारामागे उभी होती, समोर येत नव्हती. मॅडमनी चहा मागितला. चहा घेऊन ती आली तेव्हा रडत होती.

"रडून नोको राहू शालू," मॅडम म्हणाल्या. "तुह्या दारी कोणाची झाडं तहानली अन् तू पाणी पाजलं. याले चूक म्हणाव का? तुले कोणी सांगितलं होतं का, की ही लाईन मुद्दाम ठेवली आहे?"

"नाही."

"जीप दुरुस्तीले टाकली, हे खरं होतं का?"

शालूबाईनं पदरानं डोळे पुसले. मॅडम म्हणाल्या, "ते खोटं होतं. माहा पैसा अडकून आहे. बंद नाही झाला, अडकला आहे. मले तुह्याजवळ सांगायची शरम वाटली. मी तेवढं सांगितलं असतं तं हे झालंच नसतं." त्यांनी चहाचा घोट घेतला आणि कपाकडे पाहून म्हणाल्या, "साखर टाकायची बी विसरली काय वं?" तेव्हा कुठे शालूबाई हसली.

परतताना तिगावच्या फलाटावर बसून मी माझा विचार बोलून दाखवला. एकच पाणी गेलंय. माती पुन्हा वाळेल. पुढे ताण थोडा वाढवू. कागदावर चौथी ओळ चौथीच राहील. कोण विचारणार आहे? मॅडमनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "झाडानं पाणी पेलं," त्या म्हणाल्या. "आता ते आपल्या बाजूनं साक्ष देऊ शकत नाही. त्याले जबरदस्तीनं उभं करू नोको."

"मग माझं काय?"

"आखीन एक वर्ष मागू."

"आहे तेच वर्ष देत नाहीयेत, मॅडम!"

"हाव," त्या म्हणाल्या. "म्हणून तं मागाव लागन." आणि गाडी आली.

फुलं आली, गळाली, फळं धरली. आम्ही तीन ओळी मोजल्या. उन्हाळ्याच्या तोंडाशी विद्यापीठात आढावा समिती बसली. विभागातल्या एका सरांनी मॅडमना बाजूला घेऊन सांगितलं, चौथ्या ओळीचं आज काढू नका, तीन दाखवा, चौथीचं सावकाश बघू. मॅडम त्यांना 'जी' म्हणाल्या आणि आत जाऊन चौथ्या ओळीपासूनच सुरुवात केली.

"साहब, एक कतार में पानी चला गया. उसका आँकड़ा हम नहीं दे रहे."

अध्यक्ष वयस्कर होते, चष्म्यावरून पाहणारे. त्यांनी विचारलं, "किसकी लापरवाही से?"

"मेरी," मॅडम म्हणाल्या.

मी मागे बसले होते. मॅडम त्यांच्या त्या मोहगावी हिंदीत बोलत राहिल्या. "गाँव में हमारी एक बहन है. उसने सुना कि योजना बंद हुई. पेड़ सूखते दिखे तो उसने पानी पिला दिया. पैसा अटका है ये मैंने उसको बोला ही नहीं था. शरम आई. मायके में कौन बोलता है साहब? तो मैं चुप रही, और मेरे चुप रहने से उसने समझ लिया कि सब खतम." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "मैंने उसके साथ जो किया, आपने हमारे साथ वही किया. बोला नहीं."

एकजण हसला आणि लगेच गप्प झाला. दुसरे एक सभासद समजूत घालत म्हणाले, मॅडम, आप तो ताण की विशेषज्ञ हैं, ताण से ही फूल आता है ना. त्यांना वाटलं असावं, आपण छान बोललो.

"आता है साहब," मॅडम म्हणाल्या. "लेकिन हमारे उधर जो आदमी पानी तोड़ता है, उसको मालूम रहता है कि कब छोड़ना है. वो कुएँ पर बैठा रहता है. जिस पानी का कोई ठिकाना नहीं, उसको हम ताण नहीं बोलते. सूखा बोलते."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "पैसा मेरे हाथ में नहीं है, मैडम."

"मालूम है साहब. बताना तो हाथ में है."

अध्यक्षांनी समोरचे कागद एकत्र केले. मग म्हणाले, ऊपर बात करूँगा, और हाँ हो या ना, स्कूल खुलने से पहले मैं खुद फोन करूँगा. बाहेर आल्यावर मी मॅडमना म्हटलं, तुम्ही सगळ्यावर पाणी फिरवलंत. त्या बूट बांधत होत्या. "आता निदान तारीख तं आहे," त्या म्हणाल्या आणि पहारेकऱ्याकडून आपली कात्री मागून घेतली.

त्या उन्हाळ्यात मी किती वेळा फोन उचलून पाहिला ते विचारू नका. जूनमध्ये एका दुपारी बाबा आणि मी सौंसरच्या बाजारात झेरॉक्सच्या दुकानात उभे होतो. अतिथी शिक्षकाच्या जागेसाठी माझ्या सगळ्या गुणपत्रिकांच्या प्रती निघत होत्या. मॅडमचा फोन आला.

"बसली आहे का उभी?"

"उभी."

"बस."

"इथे बसायला जागा नाही, मॅडम!"

"मंग उभ्यानंच आयक. साहेबाचा फोन आला होता. एक वर्ष भेटलं. पैसा थोडा कमी आहे, पण भेटलं."

मी त्या दुकानात, ओळखीच्या चार माणसांसमोर, भोकाड पसरलं. आधी बाबांना वाटलं कोणी गेलं. मग माझ्या तोंडावरून त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी काही न विचारता दुकानदाराला हातानं थांबवलं. "राहू द्या हो. एवढ्या प्रती नाही लागत." निघालेल्या प्रतींचे पैसे दिले, कागद गोळा केले आणि मला उसाच्या रसवंतीत नेऊन बसवलं. रसाचा तो ग्लास संपेपर्यंत माझं रडू थांबलं नाही. थांबलं तेव्हा छातीवरून मोठं ओझं उतरल्यासारखं झालं आणि मला भयंकर भूक लागली. रडून उपाशी राहणं मला कधी जमलं नाही. मी बाबांना कचोरी मागितली.

पुढच्या थंडीत चौथ्या ओळीची राखण शालूबाईनं केली. ओळीच्या दोन्ही टोकांना तिनं जुन्या लाल लुगड्याच्या पट्ट्या बांधल्या. शेषराव चुकून नळी घेऊन तिकडे वळले तर घरातून ओरडायची, "अहो, तिकडे कुठी चालले? ती बाईची तहानलेली लाईन आहे!" येणाऱ्या-जाणाऱ्याला ती ताणाची गोष्ट सांगे, आणि तिच्या तोंडून ऐकली की ती माझ्या प्रबंधापेक्षा सोपी वाटे. मॅडमही आता तिला सगळं सांगायच्या. कुठलं बिल अडलं, कोण साहेब बदलला, सगळं. ओट्यावरचा नियम मोडला होता आणि भरीत पूर्वीसारखंच होत होतं.

शेवटी आकडे जुळले. पाणी न तोडलेली पहिली ओळ फारशी फुललीच नाही. चौथ्या ओळीनं जास्त सोसलं पण जास्त फळलं नाही, उलट तिच्या फांद्याच वाळल्या. गावच्या रिवाजाच्या तिसऱ्या ओळीत आणि थोड्या ताणाच्या दुसऱ्या ओळीत फळांचा म्हणावा असा फरक निघाला नाही. म्हणजे निदान शेषरावांच्या जमिनीत तरी थोडक्या ताणावर भागत होतं. मी तो तक्ता मॅडमपुढे ठेवला. त्यांनी तो लांब धरून पाहिला, मग जवळ धरून पाहिला. "इतके वर्ष घालून सापडलं काय, तं कमी छळलं तरी झाड फुलते," त्या म्हणाल्या. "हे झाडाले माहीतच होतं. सरकारले कळव."

मला पदवी मिळाली, मॅडम निवृत्त झाल्या आणि मोहगावी भावाच्या शेजारी जुन्या घरात राहायला गेल्या. निरोप समारंभात त्यांच्याबद्दल चांगलं चांगलं बोलण्यात आलं. त्यांना बोलायला सांगितलं तेव्हा त्या उठून म्हणाल्या, "जेवण थंड होऊन राहिलं," आणि खाली बसल्या.

मी आता एका महाविद्यालयात शिकवते. माझ्याकडेही एक छोटी योजना आहे, मोसंबीवरची, आणि हाताखाली एक मुलगी काम करते, दीपाली नावाची. यंदा पुन्हा तसंच पत्र आलं. विचाराधीन. मी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि दीपालीला सांगितलं, थोडे दिवस घरी राहा, यंत्र दुरुस्तीला दिलंय. मग मॅडमना फोन लावला आणि सरकारबद्दल बरंच काही बोलून घेतलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ते जाऊ दे," त्या म्हणाल्या. "त्या पोरीले सांगितलं का?"

"काय सांगू मॅडम? मलाच काही माहीत नाही."

"तेच सांग. माहीत नाही म्हणून सांग."

"घाबरेल ती. सोडून जाईल."

"अन् आता काय करून राहिली असन? घरी नाचून राहिली असन का?" त्यांचा आवाज चढला. "माह्याशी काय बोलून राहिली वं तू? ठेव फोन. तिले लाव." आणि त्यांनीच फोन ठेवला.

मी दीपालीला फोन लावला. यंत्र दुरुस्तीला दिलेलं नाही, पैसा अडकलाय, येईल की नाही मला खरंच ठाऊक नाही, कळलं की त्याच दिवशी सांगीन, असं एका दमात बोलून टाकलं.

"बंद नाही झालं ना, मॅडम?" ती हळूच म्हणाली. "मले वाटलं बंदच झालं, अन् तुमाले सांगवून नाही राहिलं. घरचे दुसरीकडे अर्ज भर म्हणून राहिले होते."

"नाही गं. बंद नाही झालं. पक्कं नाही, एवढंच."

"मंग ठीक आहे," तिनं मोठा श्वास सोडला. "उद्या पहिल्या बसनं येतो."